पूर्ण नाव

“पूर्ण नाव सांगा.”

बाईनं कडेवरची पोर सावरली.

“अहो, पूर्ण नाव. आधी पोरीचं, मग बापाचं, मग आडनाव.”

“ऋतुजा,” ती एवढंच म्हणाली आणि फरशीकडे बघत राहिली.

तिच्या कडेवर पाचेक वर्षांची मुलगी होती. पाय लोंबत होते एवढी मोठी, तरी कडेवर. पोटरीला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं आणि त्यातून लाल पाझरत होतं. मी फडकं सोडलं तर आतून तिखट निघालं. कुत्र्याचे दात लागले होते तिथे कुणीतरी शहाण्यानं मिरचीची पूड भरली होती. मी तोंड सोडलं ते सोडलंच. मग पोरीला नळाखाली नेऊन जखम साबणानं बराच वेळ धुतली. पोरगी मोठी गुणी. ओठ मुडपून रडू गिळत होती, पण तिनं पाय मागे ओढला नाही.

“कुणाची ही अक्कल?”

“शेजारच्या म्हातारीची. सकाळच्याला अंगणातच चावलं, बाई. पिसाळल्यावानी करीत व्हतं. दोन शेरडं बी फोडली त्यानं.”

“मग इतका उशीर का केला?”

“आधी उपकेंद्रावर गेलते. तिथल्या बाई म्हनल्या, ही सुई फकस्त कळमदऱ्याला भेटंल.” ‘कळमदऱ्याला’ म्हणताना ती अडखळली. ते माझ्या लक्षात आलं, पण पायी उन्हातून आलीय, दमली असेल, असं मी धरून चालले.

कळमदऱ्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे आमचं केंद्र. मी तिथली स्टाफ नर्स. सगळे मला सुलभा सिस्टर म्हणायचे, आणि माझ्या तोंडाला सगळे भ्यायचे. त्या दिवशी तर मी जास्तच तोऱ्यात होते. जिल्ह्याहून आमच्या केंद्राची तपासणी करायला क्षीरसागर मॅडम आल्या होत्या. सुई द्यायच्या खोलीत, माझ्यापासून दोन हातांवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी हात कसे धुते, सुई कुठे टाकते, पेशंटशी कशी बोलते, सगळं बघत होत्या. आमचे डॉक्टर तांबोळी नवे, तरुण, संगमनेरचे. केंद्राला चांगले गुण मिळावेत म्हणून बिचारे महिनाभर राबत होते. भिंतीही त्यांनी उभं राहून रंगवून घेतल्या होत्या.

आणि नाव सांगायचा नियमही त्यांचाच. त्याचं असं झालं की मागे एकदा ओसरीत बसलेल्या बायांना मी आवाज दिला, “लक्ष्मी पोखरकर!” एक बाई उठून आत आली, दंड पुढे केला, मी धनुर्वाताची सुई दिली. थोड्या वेळानं दुसरी आली, पोट घेऊन. म्हणे मी लक्ष्मी पोखरकर. पहिली तिची चुलत जाऊ. तीही लक्ष्मी पोखरकर, आणि आली होती खोकल्याला! तिला वाटलं, खोकल्याचीच सुई असेल. डॉक्टरांनी मला विचारलं, “सिस्टर, नवऱ्याचं नाव विचारलं असतं तर हे कळलं नसतं का?” मी म्हटलं, “विचारलं होतं सर. पण ती घेईना ना.”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी नियम काढला. पेशंटनं किंवा सोबतच्या माणसानं स्वतःच्या तोंडानं पूर्ण नाव सांगायचं. सिस्टरनं तेच नाव मोठ्यानं परत म्हणायचं. दोन्ही जुळली की मगच सुई. “पेशंट लाजला तरी चालेल,” ते म्हणाले, “चूक होता कामा नये.”

पहिल्या आठवड्यात नुसती धमाल. म्हाताऱ्या पदराआड तोंड लपवायच्या, तरण्या एकमेकींना कोपर मारायच्या. आमच्या परिचर लंका मावशींनी त्यावर तोडगा काढला, उखाण्यात घ्या म्हणाल्या. मग काय, रोज सकाळी केंद्रात हळदीकुंकू असल्यासारखं. कुणी ताटाभोवती रांगोळी काढायची, कुणी चांदीच्या वाटीत साखर घालायची आणि शेवटी नवऱ्याचं नाव. मी ते गंभीर चेहऱ्यानं परत म्हणायची आणि सुई टोचायची. पण चूक पुन्हा झाली नाही, हेही खरं.

मी स्वतः कुठली मोठी सुधारलेली! लग्नात उखाणा घेताना मला मध्येच हसू फुटलं आणि नाव राहून गेलं, ते राहूनच गेलं. घरात ‘अहो’, लोकांत ‘आमचे हे’, मुलीसमोर ‘तुझे पप्पा’. हे दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होते. पठारावरच्या वाड्यावस्त्यांतून दूध गोळा करायचे आणि निम्मा आठवडा ‘मुक्काम पडला’ म्हणून तिकडेच असायचे. मी नोकरीत, लेक वसतिगृहात. मुक्काम पडला तर पडला, एक भाकरी कमी थापायची, एवढाच माझा विचार. पण नियम पेशंटला होता, मला नव्हता. त्यामुळे दुसऱ्यांच्या लाजण्याला हसायला मी मोकळी होते.

तर ही बाई काही केल्या नाव घेईना. ओसरीतल्या बाया दारात गोळा झाल्या.

“घे की गं!” लंका मावशी म्हणाल्या. “उखाण्यात घे. आम्ही नाही का घेत?”

“मला नाही येत उखाणा.”

“मग नुसतं घे,” मी म्हटलं. “एवढी घोड्याएवढी लेक झाली, अजून कसली लाज धरतेस?”

दारातल्या बाया हसल्या. क्षीरसागर मॅडमनीही ओठ आवळून हसू दाबलं. तेव्हा त्या बाईनं पहिल्यांदा मान वर केली. तिशीच्या आतलीच असेल. तिनं माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. तिच्या नजरेत लाज नव्हती. काकुळती होती. आज ती नजर मला लख्ख वाचता येते.

“बाई, नका ना इचारू,” ती हळू म्हणाली. “तुमालाच जड जाईल.”

“मला कशाला जड जाईल? मी रोज ढीगभर नवऱ्यांची नावं घेते!”

ह्यावर असा हशा उसळला की बाहेर खोकल्याच्या रांगेतले म्हातारेही डोकावले. मला मोठी फुशारकी वाटली. तपासणीच्या दिवशी सगळं ओसरीभर कसं खेळीमेळीत चाललंय!

“मंग ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली आणि तिनं पोरीला पुन्हा कडेवर घेतलं. “जाते मी.”

आता मात्र माझा आवाज बदलला. मी तिच्या वाटेत आडवी उभी राहिले. “जायचं नाही. कुत्रं पिसाळलेलं असलं आणि सुई घेतली नाही, तर पोर हातची जाईल. मग नाव कुणाचं घेशील? कळतंय का?”

तिला कळत होतं. तिचा हात पोरीच्या पाठीवर घट्ट झाला. क्षणभर ती उभ्या जागी हलली, पुढे ना मागे. मग डोळे मिटून, एका दमात म्हणाली, “ऋतुजा किसन वाळुंज.”

“बघा, एवढंच तर होतं!” मी सुई भरली. पोरीचा दंड कापसानं पुसला आणि खणखणीत आवाजात परत म्हटलं, “ऋतुजा किसन वाळुंज.”

“नाही!” पोरीनं दंड खसकन ओढून घेतला. “माझं नाव असं नाहीये!”

“गप ए!” आई ओरडली.

“किसन तं आजोबा हाये! आई, तू चुकीचं सांगितलं.”

पुन्हा हशा. मी मॅडमकडे पाहिलं. हाच तर नियमाचा फायदा, असं मला त्यांना नजरेनं सांगायचं होतं. बघा, आमच्याकडे पाच वर्षांचं पोरही चुकीच्या नावानं सुई घेत नाही. मी खाली वाकले आणि लाडानं विचारलं, “मग काय गं बाई तुझं नाव?”

पोरगी आईच्या कडेवरून घसरून खाली उतरली. आईनं तिला धरायला हात पुढे केला, तो मीच बाजूला सारला. दुखऱ्या पायावर भार न देता पोरगी ताठ उभी राहिली, हात बाजूला सरळ केले आणि अंगणवाडीत म्हणतात तसं, एकेक शब्द वाजवत म्हणाली, “माझे नाव ऋतुजा मच्छिंद्र फापाळे. मी उंबरवाडीला राहते. माझ्या वडिलांचे नाव मच्छिंद्र. ते दुधाचा टँकर चालवतात.”

माझ्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं, सौ. सुलभा म. फापाळे.

त्या ‘म’चं पूर्ण नाव दारातल्या सगळ्या बायांना माहीत होतं. हे मला मोटारसायकलवर सोडायला यायचे, लंका मावशींच्या हातचा चहा पिऊन जायचे. कुणी हसलं नाही. मघाचा हशा कुठे गेला कुणास ठाऊक. लंका मावशींनी पदर तोंडाला लावला. माझे कान तापले, मग गाल, मग मान, आणि हातात सुई तशीच. धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते मी त्या दिवशी खरोखर मागितलं. आणि त्या सगळ्या लाजेत एक गोष्ट मला काट्यासारखी टोचली. ही बाई इतका वेळ लाजत नव्हती. ती मला झाकत होती. आणि मी तिला दहाजणींत हसले होते.

डॉक्टर तांबोळी शेजारच्या खोलीतून दारात येऊन उभे राहिले होते. “सिस्टर,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “द्या इकडे. मी देतो.”

मी देऊन टाकणारच होते. पण क्षीरसागर मॅडम बाहेरगावच्या. त्यांना ह्यातलं काहीच कळलं नव्हतं. त्या सौम्यपणे म्हणाल्या, “सिस्टर, बरोबर नाव परत म्हणायचं राहिलं.”

पोरगी वर बघत होती. आपलं नाव आता नीट घेतलं जाईल, म्हणून वाट बघत होती.

“ऋतुजा,” मी म्हटलं. पुढे जीभ उचलेना. लग्नात हसू फुटून राहून गेलेलं नाव पुढे उभं होतं. “ऋतुजा मच्छिंद्र फापाळे.”

पोरीनं मान डोलावली, आपणहून दंड पुढे केला, आणि मी सुई दिली. एवढी वर्षं हाताला जे वळण लावलं होतं ते तेवढ्यापुरतं उपयोगी आलं.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “नियम म्हणजे असा पाळला गेला पाहिजे.” त्या बाबीत आमच्या केंद्राला पैकीच्या पैकी गुण मिळाले. डॉक्टरांनी ते मला खूप दिवसांनी सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता.

मी मागच्या नळावर तोंड धुवायला गेले तर ती बाई तिथेच, भिंतीला धरून उभी. पोरगी ओंजळीनं पाणी पीत होती. मी तोंडावर पाणी मारलं.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“लगीन करताना नव्हतं. ही पोटात व्हती तवा कळलं.” तिनं पोरीचं तोंड पदरानं पुसलं. “मी तुमाला दोनदा पाह्यलंय, बाई. बाजारात. लांबून.”

“नाव काय तुझं?”

“चंद्रकला.”

“नुसतं चंद्रकला?”

“लोकांला नुसतंच सांगते मी.”

मला तिचा राग यायला हवा होता. मी तो शोधत होते आणि सापडत नव्हता. सापडत होती ती फक्त माझी लाज. मी तिला कागद नीट समजावला. एका सुईनं भागत नाही, परवानंतरच्या दिवशी दुसरी, मग तिसरी, मग शेवटची. एकही चुकवायची नाही. ती खाली बघत म्हणाली, “कसं येऊ, बाई? हे म्हनले व्हते, काय बी झालं तरी कळमदऱ्याला पाय ठेवायचा नाही.”

हे. माझाच शब्द तिच्या तोंडात होता.

“पोरीचा जीव मोठा की ह्यांचं सांगणं?” मी म्हटलं, आणि ‘ह्यांचं’ म्हटल्यावर दोघीही वरमलो. ती पोरीला घेऊन निघाली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

संध्याकाळी हे घरी आले. मोटारसायकल लावली, नेहमीसारखं पाणी मागितलं. मी तांब्या भरून हातात दिला आणि म्हटलं, “मच्छिंद्र, ऋतुजाला कुत्रं चावलंय.”

तांब्या तोंडापर्यंत गेलेला तसाच राहिला. आधी कशाचा धक्का बसला, पोरीचं नाव ऐकल्याचा की स्वतःचं, कोण जाणे. मी भांडले नाही. भांडणं नंतर झाली, भावकी जमली, दोन्हीकडचे लोक बसले, बोलू नये ते बोलले. ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. मला आठवतं ते इतकंच की एकदा तोंडातून बाहेर पडल्यावर ते नाव चारचौघांच्या नावासारखं झालं. पुन्हा मला ‘अहो’ म्हणता आलं नाही. त्या रात्री त्यांनी सतरा गोष्टी सांगितल्या. मी एकच म्हटलं, “तिला दुसऱ्या सुईला पाठव.”

“इथं? तुझ्यासमोर? लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणायचं ते म्हणून झालेत. सुई चुकली तर पोर जाईल.”

ठरलेल्या दिवशी मी सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून होते. ओसरीत जरा जास्तच गर्दी होती. ज्यांना ताप नव्हता त्यांनाही ताप आला होता. मी आत आले की कुजबुज थांबायची, मी वळले की सुरू व्हायची. लंका मावशी उगाचच फडकं मारत फिरत होत्या. रजा घ्या म्हणून डॉक्टरांनी मला सुचवून पाहिलं होतं. मी म्हटलं, “सर, ती आली आणि मी नसले, तर तिला वाटेल मी तोंड लपवलं. मग ती पुढच्या वेळी यायची नाही.” खरं म्हणजे तोंड लपवावंसं मला फार वाटत होतं.

बारा वाजले. एक वाजला. बाया कंटाळून शेंगा खाऊ लागल्या. तिनं नवऱ्याचं ऐकलं असेल. किंवा माझ्या हसण्याला भ्याली असेल. ह्या दोहोंपैकी दुसरं असलं आणि पोरीला काही झालं तर, हा विचार मला पुरा करवेना.

मग फाटकातून ती आली. पोर ह्या खेपेला चालत होती, एक पाय जरा जपून टाकत. ओसरीतली कुजबुज थांबली. चंद्रकलेनं पदर डोक्यावरून पुढे ओढला होता आणि भिंतीच्या कडेकडेनं येत होती. खोलीत शिरताच पोरगी खूश होऊन माझ्यासमोर उभी राहिली, हात सरळ केले आणि तोंड उघडलं. “माझे नाव...”

आईनं पटकन तिच्या तोंडावर हात दाबला. “बाई, आज नका ना,” ती कुजबुजली. “सगळे बघाया बसल्यात. तुमी तं वळखताच हिला.”

दारात पुन्हा बाया होत्या. त्याच. मला ती माणसं नको होती, तो दिवस नको होता. मुकाट्यानं सुई देऊन मोकळं व्हावं, कोण विचारणार होतं? क्षीरसागर मॅडम केव्हाच गेल्या होत्या. पण पोरगी आईच्या बोटांवरून माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी स्वतःचं नाव सांगून आपण काहीतरी भलतंच केलं, हे तिला एव्हाना कुणीतरी शिकवलं होतं. तिच्या डोळ्यांत तसली भीती दिसत होती. घरातल्या सगळ्यांची लाज त्या पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडावर ठेवलेल्या हातात होती.

“हात काढ,” मी चंद्रकलेला म्हटलं. “सांगू दे तिला. तिचंच नाव आहे ते.”

हात हळूहळू खाली आला. पोरगी आईकडे बघून, जरा घाबरत म्हणाली, “ऋतुजा मच्छिंद्र फापाळे.”

“मोठ्यानं.”

“ऋतुजा मच्छिंद्र फापाळे!”

“ऋतुजा मच्छिंद्र फापाळे,” मी परत म्हटलं, फाटकापर्यंत जाईल अशा आवाजात. दारातल्या दोघीतिघी खाली बघू लागल्या. मी सुई दिली. पोरीनं डोळे मिटले, उघडले, आणि तिला एकदम काहीतरी सुचलं.

“तुमचं नाव काय?”

चंद्रकला दचकली. लंका मावशींच्या हातातलं फडकं थांबलं.

“सुलभा,” मी म्हटलं.

“नाही, पूर्ण नाव सांगायचं असतं!”

नियम तोच होता. मी तिच्यासमोर खाली बसले. लाजेनं माझे कान पुन्हा तापले होते, पण आवाज फुटला. “सुलभा मच्छिंद्र फापाळे.”

पोरीनं टाळीच वाजवली. “अय्या! म्हंजी तुमी आमच्यातल्याच!”

चंद्रकला भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मी पोरीच्या दंडावर कापूस दाबून धरला.

“हो,” मी म्हटलं.